कोड एकच, मग नारिंगी दोन कसे?

एका वाचक मैत्रिणीचं मोठं पत्र आलंय, इथे थोडक्यात देते. ती आणि तिचा पार्टनर मिळून क्लायंटसाठी सोशल मीडियाच्या पोस्ट, बॅनर, कॅटलॉगची पानं करतात. एका क्लायंटचा ब्रँड कलर नारिंगी आहे, आरजीबी (लाल, हिरवा, निळा) २३०, ८०, ३०. दोघंही हाच आकडा टाकतात, दोघंही फोटोशॉपच वापरतात, तरी पार्टनरच्या फाइलमधला नारिंगी भडक आणि तिच्या फाइलमधला शांत. दोन्ही फाइल एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवल्या तरी फरक दिसतो. लेयर इकडून तिकडे टाकला की रंग कधी तसाच राहतो, कधी बदलतो. वर पार्टनरच्या पोस्टमधले फोटो अपलोड केल्यावर फिके पडतात. क्लायंटने सुनावलं की तुमच्या दर पोस्टचा रंग वेगळा असतो, तेव्हापासून ती रोज रात्री ह्यू-सॅच्युरेशनचे स्लायडर हलवून डोळ्यांनी रंग जुळवत बसते. एक मित्र म्हणतो चांगला मॉनिटर घ्या. पार्टनर म्हणतो कलर मॅनेजमेंट (रंगाच्या आकड्यांचा अर्थ सांभाळणारी सॉफ्टवेअरची सोय) बंदच करून टाक, सगळा घोळ त्याचाच आहे. आणि तिला स्वतःला वाटायला लागलंय की आपल्या डोळ्यांतच काहीतरी कमी आहे. तिने विचारलंय की ऐकायचं कुणाचं, आणि पार्टनरबरोबरची रोजची कटकट थांबवायची कशी.

सगळ्यात आधी डोळ्यांचं बोलू, कारण पत्रातली तीच ओळ वाचून मला वाईट वाटलं. तुम्हाला दोन फाइलींच्या रंगात फरक दिसला आणि तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तो फरक तिथे खरोखर आहे, म्हणजे तुमच्या डोळ्यांनी त्यांचं काम चोख केलंय. असा फरक खूप जणांना दिसतो आणि ते चालतंय म्हणून पुढे जातात, तुम्ही थांबलात आणि विचारलंत. हे काम आपलं नाही वगैरे विचार कृपा करून डोक्यातून काढून टाका.

आता मॉनिटर. मित्राने मनापासून सांगितलं असेल, पण तुमच्याच पत्रात त्याचं उत्तर आहे की दोन्ही फाइल एकाच स्क्रीनवर, एकाच वेळी, शेजारी शेजारी उघड्या होत्या. मॉनिटर पिवळट दाखवत असेल तर दोन्ही पिवळट दाखवेल, निळसर दाखवत असेल तर दोन्ही निळसर. खात्री करायची तर दोन्ही खिडक्यांची जागा अदलाबदल करून बघा, डावीकडची उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे. भडकपणा फाइलबरोबर सरकला तर कारण फाइलमध्ये आहे, आणि तो जागेवरच राहिला तरच स्क्रीनवर संशय घ्या, कारण काही पॅनेल बाजूने बघितलं की रंग बदलतात. तुमच्या बाबतीत तो फाइलबरोबर सरकणार याची मला जवळजवळ खात्री आहे. तेव्हा मॉनिटरवर आत्ता खर्च करू नका, नवीन मॉनिटरवरही हेच दोन नारिंगी दिसतील, फक्त जास्त स्पष्ट दिसतील.

खरी अडचण तुमच्या त्या वाक्यात आहे की "दोघंही एकच आकडा टाकतो, मग रंग एकच यायला हवा ना?" हे इतकं साहजिक वाटतं की कुणी त्यावर शंकाच घेत नाही. पण २३०, ८०, ३० हा अजून रंग झालेलाच नाही, तो फक्त आकडा आहे, लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका. कुठला लाल? किती प्रखर? ते त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नाही. कुणी लांबी '५' लिहून दिली आणि फूट की मीटर ते लिहिलंच नाही, तर दोन माणसं दोन वेगळ्या लांब्या कापून आणणार आणि दोघंही म्हणणार मी ५च कापलंय. रंगाच्या आकड्याला त्याचं परिमाण देणारी गोष्ट म्हणजे कलर प्रोफाइल. १९९३ मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन इंटरनॅशनल कलर कन्सोर्टियम स्थापन केलं ते याचसाठी, की फाइलबरोबर तिच्या आकड्यांचा अर्थही जावा. आपण ज्याला आयसीसी प्रोफाइल म्हणतो ते हेच.

माझा अंदाज असा आहे की तुमची फाइल एसआरजीबी या प्रोफाइलमध्ये आहे आणि पार्टनरची ॲडोबी आरजीबी १९९८ मध्ये. एसआरजीबी १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने साध्या मॉनिटरना धरून काढलं, वेब आणि फोनचं जग आजही मुख्यतः त्यावरच चालतं. ॲडोबी आरजीबी त्याहून मोठं आहे, म्हणजे त्यात जास्त रंग मावतात. त्यातला हिरवा बराच जास्त शुद्ध धरलाय, आणि पांढरा मात्र दोन्हीकडे तोच ठेवायचा असल्यामुळे लालच्या वाट्याला प्रकाश जास्त येतो. म्हणून पार्टनरच्या फाइलमध्ये २३०, ८०, ३० टाकलं की ते तुमच्यापेक्षा जास्त तेजस्वी, पेटल्यासारखं नारिंगी होतं, तुम्हाला दिसतं अगदी तसंच.

हे आकड्यात बघितलं की एकदम लख्ख होतं. तुमच्या एसआरजीबी फाइलमधला २३०, ८०, ३० हा नारिंगी पार्टनरच्या ॲडोबी आरजीबी फाइलमध्ये हवा असेल, तर तिथे साधारण २००, ८१, ३९ टाकावं लागेल. रंग तोच, आकडे वेगळे. आणि एसआरजीबीतला टोकाचा लाल, म्हणजे २५५, ०, ०, तो ॲडोबी आरजीबीत २१९, ०, ० होतो. एकच कोड टाकतोय म्हणून आपण बरोबर आहोत असं तुम्हाला दोघांना वाटत होतं, आणि त्या एकाच कोडमुळेच फरक पडत होता.

अंदाज बरोबर आहे का ते तपासायला दोन मिनिटं लागतात. फोटोशॉपमध्ये फाइलच्या टॅबवर नावाच्या पुढे कंसात आरजीबी/८ असं काहीतरी लिहिलेलं असतं ते नीट वाचा. त्याच्यापुढे चांदणीचं चिन्ह असेल तर या फाइलचं प्रोफाइल तुमच्या सॉफ्टवेअरच्या ठरलेल्या वर्किंग स्पेसपेक्षा, म्हणजे नव्या फाइलला ते आपोआप देतं त्या प्रोफाइलपेक्षा, वेगळं आहे, आणि हॅशचं चिन्ह असेल तर फाइलला प्रोफाइलच नाही, ती बिनटॅगची आहे. खिडकीच्या खालच्या पट्टीवर जो छोटा बाण असतो तिथे डॉक्युमेंट प्रोफाइल निवडून ठेवा, म्हणजे प्रोफाइलचं नाव कायम समोर राहील. माझ्या मते ती पट्टी मुळातच तशी सेट करून यायला हवी होती, फाइलचा साइज बघण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगाचं आहे.

अजून एक साधी खूण आहे. दोन्ही फाइलींमध्ये १२८, १२८, १२८ असा राखाडी चौकोन काढा. एसआरजीबी आणि ॲडोबी आरजीबीचा पांढरा सारखाच आहे आणि गॅमाही (आकड्यावरून उजळपणा ठरवायची रीत) जवळपास सारखा, त्यामुळे राखाडी दोन्हीकडे जवळजवळ तोच दिसेल आणि गडबड फक्त रंगांत दिसेल. राखाडी जुळतोय पण नारिंगी जुळत नाही, असं झालं तर प्रश्न याच दोघांमधला आहे. राखाडीसुद्धा उजळ-गडद दिसत असेल तर मात्र दुसरं काहीतरी आहे. म्हणजे एखादी फाइल प्रोफोटो आरजीबीमध्ये असेल, त्याचा गॅमा १.८ आहे, किंवा वर कुठलातरी ॲडजस्टमेंट लेयर बसलेला असेल.

मग पार्टनरने हे मुद्दाम केलं का? अजिबात नाही, आणि कटकटीच्या मुळाशी हाच गैरसमज आहे असं मला वाटतं. फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये तयार प्रीसेट असतात, त्यातल्या जनरल पर्पज प्रकारात आरजीबीसाठी एसआरजीबी असतं आणि प्रीप्रेस, म्हणजे छपाईच्या तयारीच्या, प्रकारात ॲडोबी आरजीबी. त्याने कधीकाळी प्रिंटचं काम करताना प्रीप्रेस निवडलं असेल आणि ते तसंच राहिलं असेल, नवी फाइल उघडली की तेच प्रोफाइल तिला चिकटतं, कुणी विचारत नाही. किंवा त्याने कॅमेऱ्यातला फोटो उघडून त्यावरच डिझाइन केलं असेल आणि कॅमेरा ॲडोबी आरजीबीवर सेट असेल. हे ओळखायची खूण म्हणजे अशा कॅमेरा-जेपीजीच्या नावाची सुरुवात बहुतेक वेळा अंडरस्कोअरने होते. आणि फोनचे फोटो, आयफोन ७ पासून पुढचे, ते डिस्प्ले पी३ मध्ये येतात, तेही एसआरजीबीपेक्षा मोठं. म्हणजे तीन ठिकाणांहून आलेल्या तीन फोटोंवर तीन पोस्ट केल्या तर काहीही न चुकता तीन वेगळे नारिंगी तयार होऊ शकतात.

लेयर टाकताना रंग कधी राहतो आणि कधी बदलतो याचंही उत्तर इथेच आहे. दोन्ही फाइलींना प्रोफाइल आहे, वेगळं आहे, आणि कलर सेटिंग्जमधली पॉलिसी (फाइलच्या प्रोफाइलचं काय करायचं तो नियम) प्रिझर्व्ह एम्बेडेड प्रोफाइल्स, म्हणजे आहे ते सांभाळा, अशी आहे, तर आरजीबीतून आरजीबीत पेस्ट करताना फोटोशॉप आकडे बदलून दिसणं सांभाळतं. मग पार्टनरचा भडक नारिंगी तुमच्या फाइलमध्येही भडकच राहतो, फक्त त्याचा कोड आता २३०, ८०, ३० नसतो. फाइल बिनटॅगची असेल किंवा पॉलिसी ऑफ असेल तर उलट होतं, आकडे जसेच्या तसे जातात आणि दिसणं बदलतं. सॉफ्टवेअर लहरी नाहीये, दोन वेगळ्या परिस्थितीत दोन वेगळ्या गोष्टी करतंय, आणि कुठली करतंय ते सांगणाऱ्या खिडकीवरची टिक आपण कधीतरी काढून टाकलेली असते.

यावरून पार्टनरच्या उपायाकडे येऊ, की कलर मॅनेजमेंट बंद करा. मला त्याचं म्हणणं कळतं, माणूस वैतागला की त्याला वाटतं मधला माणूसच काढून टाकावा. पण ऑफ केल्याने आकड्यांचा अर्थ लावणं थांबत नाही, फक्त अर्थ कुठला हे फाइलमध्ये लिहायचं थांबतं. नवीन फाइलला प्रोफाइल चिकटत नाही, वेगळं प्रोफाइल असलेली फाइल उघडली तर ते टाकून दिलं जातं, आणि मग ती फाइल ज्याच्या कॉम्प्युटरवर उघडेल त्याच्या वर्किंग स्पेसप्रमाणे दिसते. म्हणजे त्याची फाइल त्याच्याकडे भडक, तुमच्याकडे शांत, आणि दोघांपैकी कुणाकडेही पुरावा नाही. आज निदान टॅब बघून भांडण मिटवता येतं, ते दारही बंद होईल. तेव्हा हे करू नका, आणि आधीच केलं असेल तर परत चालू करा.

आता दुरुस्ती. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक जण इथेच अडकतात आणि चांगल्या फाइल बिघडवून बसतात. एडिट मेन्यूत तळाला दोन पर्याय शेजारी शेजारी आहेत, असाइन प्रोफाइल आणि कन्व्हर्ट टू प्रोफाइल. असाइन केलं की आकडे तसेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो, म्हणून स्क्रीनवरचा रंग लगेच बदलतो. कन्व्हर्ट केलं की अर्थ सांभाळून आकडे बदलले जातात, म्हणून स्क्रीनवर काही झालंच नाही असं वाटतं (नव्या स्पेसमध्ये न मावणारे फार भडक रंग तेवढे थोडे दबतात). फाइलला प्रोफाइलच नसेल किंवा चुकीचं चिकटलं असेल तरच असाइन वापरायचं. प्रोफाइल बरोबर आहे पण मला दुसरं हवंय, तर कन्व्हर्ट.

तुमच्या पार्टनरच्या फाइली या दोन्हीच्या मधल्या आहेत, म्हणून त्या इतक्या छळतात. एकाच फाइलमध्ये दोन तऱ्हेचा माल आहे. फोटो ॲडोबी आरजीबीत बरोबर आहे, त्याचे आकडे त्या प्रोफाइलसाठीच बनलेत. पण सपाट नारिंगी पट्टी हाताने टाइप केलेल्या कोडची आहे आणि तो कोड मनात एसआरजीबी धरून दिलेला. तुम्ही एसआरजीबी असाइन केलं तर नारिंगी एकदम बरोबर होईल आणि तुम्हाला वाटेल जमलं, पण फोटोतली माणसं निस्तेज होतील, त्वचेतला लाल उतरेल. अपलोड झाल्यावर फोटो फिके पडतात म्हणता ना, ते बहुतेक हेच आहे, वाटेत कुठेतरी प्रोफाइल गळून पडतं, समोरचं ॲप बिनटॅगचे आकडे एसआरजीबी समजून वाचतं, पट्टी ठीक दिसते आणि फोटो पांढुरके. उलट नुसतं कन्व्हर्ट केलं तर फोटो छान येतील पण पट्टी भडकच राहील, कारण कन्व्हर्टचं कामच मुळी दिसणं सांभाळणं आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. फाइलची कॉपी घ्या. तुम्ही रात्री बसून लावलेले ह्यू-सॅच्युरेशनचे लेयर आधी काढून टाका, ते चुकीच्या जागी लावलेलं मलम आहे आणि कन्व्हर्ट केल्यावर त्यांचा परिणामही बदलतो. मग कन्व्हर्ट टू प्रोफाइल करून एसआरजीबी करा, त्याच खिडकीतले रिलेटिव्ह कलरिमेट्रिक आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन हे पर्याय चालू ठेवून, आणि लेयर सपाट करायची टिक काढायला विसरू नका. त्यानंतर नारिंगी पट्ट्या, बटणं, अक्षरं जिथे जिथे ब्रँड कलर आहे तिथे २३०, ८०, ३० नव्याने टाका. जुन्या सगळ्या पोस्टच्या मागे लागू नका, ज्या टेम्प्लेटवरून पुढच्या पोस्ट निघणार आहेत तेवढी दुरुस्त झाली की पुरे.

एक प्रश्न मात्र हे सगळं करायच्या आधी विचारायला हवा, जो तुमच्या पत्रात कुठेच नाही. दोघांपैकी बरोबर नारिंगी कुठला? तुम्ही तुमचा शांत तो बरोबर आणि त्याचा भडक तो चुकलेला असं धरून चाललाय, कदाचित तो बरोबर उलटं धरून चाललाय. हा आकडा आला कुठून? क्लायंटने ब्रँडची माहिती देताना लिहून दिला असेल तर त्याला एसआरजीबीच समजा, वेबवर साध्या हेक्स आणि आरजीबी कोडचा अर्थ एसआरजीबी असाच ठरलेला आहे. पण कुणीतरी स्क्रीनशॉटवर आयड्रॉपर फिरवून तो आकडा काढला असेल तर तो भरवशाचा नाही, स्क्रीनशॉटमध्ये त्या त्या मॉनिटरचा हिशोब मिसळलेला असू शकतो, आणि जेपीजीतून उचलला असेल तर कॉम्प्रेशनमुळे शेजारच्या पिक्सेलचा आकडाही वेगळा निघतो. अशा वेळी क्लायंटकडून लोगोची मूळ व्हेक्टर फाइल मागून घ्या. त्यात संकोच वाटू देऊ नका, रंगाबद्दल तक्रार त्यांचीच आहे.

रंग खरंच जुळला का हे डोळ्यांनी ठरवू नका, डोळे चांगले असले तरी. कलर पिकरच्या खिडकीत आरजीबीच्या शेजारीच एल, ए, बी असे तीन आकडे असतात, ते लॅब. ही मोजणी १९७६ मध्ये सीआयई या प्रकाश आणि रंगाची मोजमापं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवली आणि ती कुठल्या मॉनिटरच्या किंवा कॅमेऱ्याच्या भाषेत नाही, माणसाच्या दिसण्याच्या भाषेत आहे. इन्फो पॅनेलमध्येही दुसरा रीडआउट लॅब करून ठेवता येतो. दोन फाइलींमधल्या नारिंगीवर आयड्रॉपर नेऊन लॅब वाचा. आरजीबी वेगळे पण लॅब सारखे (एखाद्या आकड्याचा फरक सोडून द्या), तर रंग एकच आहे. आरजीबी सारखे पण लॅब वेगळे, तर रंग दोन आहेत, कोड काहीही म्हणो. आयड्रॉपरचा सॅम्पल साइज पॉइंटऐवजी ३ बाय ३ ॲव्हरेज ठेवा. पार्टनरशी वाद घालताना हे दोन रीडिंग समोर ठेवलीत तर वाद दोन मिनिटांत संपेल असं मला मनापासून वाटतं, कारण मग तुझा डोळा की माझा डोळा हा प्रश्नच उरत नाही.

आणि समजा लॅब सारखे आले, तरीही दोन पोस्टमधला नारिंगी वेगळाच दिसतोय? हेही होतं आणि ते खोटं नसतं. पॅरिसमधल्या गोबलँ विणकामशाळेत रंगाई खात्याचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजेन शेवरल यांच्याकडे तक्रार आली होती की त्यांचा काळा रंग काही विणकामात पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी लोकर तपासली, रंग उत्तम होता, शेजारचे निळे-जांभळे धागे त्या काळ्याचं दिसणं बदलत होते. त्यावर त्यांनी १८३९ मध्ये सविस्तर लिहिलं. तुमचा नारिंगी गडद निळ्यावर ठेवला की पेटतो, लालसर फोटोशेजारी ठेवला की मळतो, आकडा एक आणि लॅबही एक असूनसुद्धा. अशा वेळी मी ब्रँडचा रंग न बदलता आजूबाजूचं बदलते, मध्ये पांढरी किंवा राखाडी जागा सोडते. फार सुंदर विषय आहे हा, पण तुमच्या तक्रारीचं ते मुख्य कारण नाही, म्हणून इथेच थांबते.

ज्या वाचकांची अडचण याच्यासारखी आहे पण हीच नाही, त्यांच्यासाठी अजून काही ठिकाणं. रंग टाकला की तो राखाडीच येतो, तर इमेज मेन्यूतला मोड बघा, फाइल ग्रेस्केल असेल. रंग टाकला की जवळच्याच दुसऱ्या रंगावर उडी मारतो, तर मोड इंडेक्स्ड असेल, जिफमध्ये जास्तीत जास्त २५६च रंग असतात. एका फाइलचे रंग मंद आणि टॅबवर आरजीबी/८ च्या पुढे अजून एक तिरकी रेघ आणि सीएमवायके (छपाईच्या चार शाया) लिहिलेलं, तर चुकून कंट्रोल आणि वाय दाबून प्रूफ कलर्स, म्हणजे छपाईत कसं दिसेल त्याची झलक, चालू झालंय, पुन्हा तेच दाबा. हे खूप जणांचं होतं, कारण बाकी बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ते रीडूचं बटण आहे आणि बोटांना सवय असते. दिवसा एक आणि संध्याकाळी दुसरं दिसतं, तर कॉम्प्युटरचा नाइट लाइट बंद करा. फोटोशॉप नसेल तरी गोष्ट हीच आहे, गिम्पमध्ये इमेज मेन्यूत कलर मॅनेजमेंटखाली, ॲफिनिटी आणि क्रितामध्येही, असाइन आणि कन्व्हर्टच्या तोडीचे पर्याय मिळतात.

पुढे असं होऊ नये म्हणून दोघांनी एकदाच बसा. कलर सेटिंग्ज उघडून आरजीबी वर्किंग स्पेस एसआरजीबी करा, पॉलिसी प्रिझर्व्ह एम्बेडेड प्रोफाइल्स ठेवा, आणि खालच्या तिन्ही आस्कच्या टिका चालू करा, म्हणजे प्रोफाइल वेगळं असलं किंवा नसलंच तर उघडताना आणि पेस्ट करताना सॉफ्टवेअर विचारेल. ती खिडकी सारखी सारखी येते म्हणून लोक वैतागून बंद करतात, मी म्हणेन येऊ द्या, प्रत्येक वेळी ती एक भांडण वाचवते. तिथल्या सेव्ह बटणाने सेटिंगची फाइल बनवा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर लोड करा, हाताने जुळवत बसू नका. कॅमेऱ्याचे रॉ फोटो नीट करायचे असतील तर ते मोठ्या स्पेसमध्ये आणि १६ बिटमध्येच करा, तिथे त्याचा फायदा आहे, पण डिझाइनच्या फाइलमध्ये आणताना एसआरजीबी करून आणा. एक्सपोर्ट करताना कन्व्हर्ट टू एसआरजीबी आणि एम्बेड कलर प्रोफाइल या दोन्हीवर टिक. ज्या ॲपने वाटेत प्रोफाइल काढून टाकलं त्याच्याकडेही मग नुकसान फारसं होत नाही, कारण तो जे गृहीत धरणार आहे तेच तुम्ही आधी करून दिलेलं असतं.

कॅटलॉगबद्दल थोडंसंच सांगते, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. सीएमवायकेमध्ये कन्व्हर्ट करण्याआधी प्रेसला त्यांचं प्रोफाइल विचारा आणि कॉपीवरच करा, सीएमवायके करून परत आरजीबी केलं तर गेलेले रंग परत येत नाहीत. गॅमट वॉर्निंग (न मावणारे रंग दाखवणारी सोय) लावून बघा तुमचा नारिंगी छपाईत मावतो का. आणि पानापानावर काळा वेगळा दिसत असेल तर त्याचे आकडे बघा, आरजीबीतला ०, ०, ० हा फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकन स्वॉप प्रोफाइलमध्ये ७५, ६८, ६७, ९० होतो, चारही शाया मिळून ३०० टक्के, आणि शेजारी कुणी फक्त के १००, म्हणजे नुसती काळी शाई, टाकलेला असेल तर तो त्याच्यापुढे गडद राखाडी दिसतो. बारीक अक्षरांना के १००च चांगला, चार शाईंचा काळा जरा सरकला की अक्षराच्या कडा रंगीत होतात.

क्लायंटला काय सांगायचं? सगळ्या फोनवर अगदी हाच रंग दिसेल असा शब्द देऊ नका, तो कुणालाच पाळता येत नाही, प्रत्येकाचा स्क्रीन आणि ब्राइटनेस वेगळा. पण एकाच फोनवर तुमच्या दोन पोस्ट शेजारी ठेवल्या तर ब्रँडचा नारिंगी एकच दिसेल, हे तुम्ही आजपासून म्हणू शकता आणि त्यांची तक्रारही तेवढीच होती. पार्टनरला मात्र "तुझ्या फाइल चुकलेल्या आहेत" अशी सुरुवात करू नका, त्याने कोड बरोबरच टाकला होता. दोन फाइल उघडा, टॅबवरची चांदणी दाखवा, लॅब वाचून दाखवा, आणि सेटिंग दोघांनी मिळून बदला. त्याची कलर मॅनेजमेंटबद्दलची चीड खरी आहे, आजवर त्याला त्यातून फक्त त्रासच झालाय, फायदा पहिल्यांदा दिसला की तो स्वतःच बंद करा म्हणायचं थांबेल असं मला वाटतं.

मॉनिटर बदलायचा विचार नंतर कधी आलाच, तर आधी आहे त्याचंच कॅलिब्रेशन करून घ्या, कलरिमीटर (स्क्रीनचा रंग मोजणारं यंत्र) लावून, गॅमा २.२ आणि पांढरा ६५०० केल्विन धरून.

हे सगळं करूनही दोन नारिंगी राहिले तर परत लिहा, पण त्या वेळी स्क्रीनचा फोटो पाठवू नका, त्यावरून काहीच कळत नाही. दोन्ही फाइलींच्या प्रोफाइलचं नाव, टॅबवर कंसात जे काही असेल ते, आणि नारिंगीचे आरजीबी आणि लॅब दोन्ही आकडे, एवढं लिहून पाठवा.